पाहुणा तपासला, यजमान राहिला

२८ जून २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी करोनाने मोडलेल्या पर्यटन व्यवसायासाठी काही घोषणा केल्या. त्यातल्या दोन माझ्या अजून डोक्यात आहेत. पहिली, देशाचे दरवाजे उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या ५ लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा फुकट. दुसरी, सरकारी मान्यता असलेल्या टूरिस्ट गाईडला १ लाख रुपयांपर्यंत कर्ज, सरकारच्या हमीवर.

फिरायला येणाऱ्याला भेट आणि त्याला फिरवणाऱ्याला कर्ज. एकाच दिवशी, एकाच पत्रकार परिषदेत.

मी तेव्हा ताडोबाच्या बफरमधल्या एका गेटवर गाईड होतो. वर्षभरात दोनदा सफारी बंद पडली होती. घरात धान होतं म्हणून चूल पेटत होती. कर्ज तर कर्ज, असं म्हणून आम्ही चौघं गाईड एका बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी आमची ओळखपत्रं उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हे तर वनविभागाचं आहे. पर्यटन खात्याचं कुठाय?" पर्यटन खात्याचं नव्हतंच. योजनेत गाईड म्हणजे पर्यटन मंत्रालयाने किंवा राज्य सरकारने मान्यता दिलेला गाईड. ताजमहाल दाखवणारा त्यात बसतो. वाघ दाखवणारा कशात बसतो हे साहेबांना सांगता येईना. बाहेर येऊन चहा घेताना आमच्यातला एक जण म्हणाला, "आपल्यापेक्षा थो गोरा साहेब बरा गा. त्याले निदान फुकट तरी भेटून रायलं."

हसलो आम्ही. पण त्या दिवसापासून मी हे नियम जमतील तसे वाचत आलो आहे आणि माझं म्हणणं सरळ आहे. महामारीच्या काळात परदेशी पर्यटकाला देशात घेण्याचे जे नियम झाले, ते एकाच माणसाकडे बघून लिहिलेले होते. येणाऱ्याकडे. ज्याच्या दारात तो येणार, त्याच्यासाठी त्यात एक रकानाही नव्हता. ना त्याची लस बघितली, ना त्याला विचारलं, ना त्याच्या बंद पडलेल्या रोजीची भरपाई ठरवली. हे चुकून राहिलं असं मला वाटत नाही. जंगलाच्या जिल्ह्यांकडे बघायची ही जुनीच सवय आहे, करोनात ती फक्त उघडी पडली.

नियम काय होते ते आधी थोडक्यात सांगतो, कारण इतक्यात सगळे विसरले आहेत. १३ मार्च २०२० पासून पर्यटक व्हिसा स्थगित झाले आणि महिना संपायच्या आत आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं थांबली. त्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ नुसतं फिरायला म्हणून कोणी परदेशी माणूस भारतात येऊ शकत नव्हता. १५ ऑक्टोबर २०२१ पासून चार्टर विमानाने येणाऱ्यांना आणि १५ नोव्हेंबरपासून साध्या विमानाने येणाऱ्यांना नवे पर्यटक व्हिसा सुरू झाले. निघण्याआधी ७२ तासांच्या आतली आरटीपीसीआर चाचणी, लशीचं प्रमाणपत्र, 'एअर सुविधा' नावाच्या पोर्टलवर फॉर्म. पंधरा दिवस होतात न होतात तोच ओमायक्रॉन आला आणि १ डिसेंबरपासून 'जोखमीचे देश' अशी यादी लागू झाली. महाराष्ट्राने तर केंद्रापेक्षाही कडक आदेश काढले आणि केंद्राच्या सांगण्यावरून ते पुन्हा सैल केले. १४ फेब्रुवारी २०२२ ला विलगीकरणाची अट गेली, २७ मार्चला नियमित विमानं सुरू झाली, आणि २२ नोव्हेंबर २०२२ ला एअर सुविधाही बंद झालं.

त्या फॉर्ममध्ये पासपोर्ट नंबर होता, विमानातला सीट नंबर होता, मागच्या १४ दिवसांत कुठे कुठे होतात तेही होतं. इतकी बारीक नजर! आणि ती नजर विमानतळाच्या काचेच्या दारापाशी संपत होती. तिथून पुढे नागपूर, नागपूरहून गाडीने ताडोबाचं एखादं गेट, गेटवर जिप्सी. जिप्सीत सहा पर्यटक, एक ड्रायव्हर, एक गाईड. सकाळी चारेक तास, दुपारी चारेक तास.

ज्यांनी सफारी केली आहे त्यांना ठाऊक असेल की गाईडचा धंदाच मुळी मागे वळून बोलण्याचा असतो. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, मान वळवायची, तोंड पर्यटकांकडे. अलार्म कॉल आला की आवाज खाली आणायचा, म्हणजे समोरचा आणखी जवळ वाकतो. वाघ दिसला की पाच-सात जिप्स्या एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि तुमच्या खांद्यावरून कुणाची तरी हातभर लांबीची लेन्स पुढे येते. गेटवर मास्क, सॅनिटायझर, कपाळावर धरायची ताप मोजायची बंदूक, हे सगळं होतं. पण मास्क खाली घेतलेल्या पाहुण्याला "सर, मास्क" हे सांगायचं काम कुणाचं? ज्याचा रोज त्याच पाहुण्याच्या खुशीवर आणि शेवटी हातात पडणाऱ्या टिपेवर चालतो, त्याचं. ओठ हलवून न बोललेलं ते "सर, मास्क" मी कितीतरी वेळा गिळलं आहे आणि माझ्याबरोबरच्या प्रत्येकाने गिळलं आहे.

आता लशीचं बघू. गाईड आणि ड्रायव्हर बहुतेक विशी-तिशीतले. १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण १ मे २०२१ ला सुरू झालं ते ऑनलाईन नोंदणीच्या अटीवर. कोविन उघडायचं, पिनकोड टाकायचा, ओटीपीची वाट बघायची, आणि तेवढ्यात स्लॉट संपलेला असायचा. आमच्याकडे नेटवर्कसाठी पाण्याच्या टाकीवर चढणारी पोरं होती. ग्रामीण आरोग्य केंद्रावर मात्र शहरातल्या गाड्या रांगेने उभ्या दिसत, कारण शहरात स्लॉट मिळत नसला की लोक खेड्यातला पिनकोड टाकून बुक करायचे. महाराष्ट्रभर हे घडलं. तुमच्यातल्याही काहींनी केलं असेल. मी दोष देत नाही, जीव सगळ्यांनाच प्यारा असतो. पण चित्र बघा. लस घ्यायला गावात यायचं तर कुणाची परवानगी लागली नाही, आणि ज्या गावची ती लस, तो गाव टाकीवर.

मग दुसरं काही करता आलं असतं का? थायलंडने केलं. फुकेट बेट पूर्णपणे पर्यटनावर जगतं. १ जुलै २०२१ ला त्यांनी लस घेतलेल्या परदेशी पर्यटकांसाठी ते बेट उघडलं, 'फुकेट सँडबॉक्स' म्हणून. त्याआधी त्यांनी ठरवलं होतं की बेटावरच्या सुमारे ७० टक्के लोकांना लस मिळाल्यावरच दार उघडायचं, आणि देशाच्या बाकी भागांच्या आधी फुकेटला लस पाठवली. भूतानचंही उदाहरण आहे. त्यांनी २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये जवळजवळ सगळ्या प्रौढांना पहिली लस दोनेक आठवड्यांत टोचली आणि परदेशी पर्यटकांना दार उघडलं ते २३ सप्टेंबर २०२२ ला, दर रात्रीचे २०० डॉलर शुल्क लावून. हे दोन्ही देश काही स्वर्ग नाहीत. फुकेटमध्येही नंतर रुग्ण वाढलेच. पण क्रम बघा. आधी यजमान, मग पाहुणा.

आपल्याकडे म्हणतील, २१ ऑक्टोबर २०२१ ला देशाने १०० कोटी डोस पूर्ण केले होते की! केले होते. पण १०० कोटी ही देशाची बेरीज आहे. मोहर्लीत किती, कोलाऱ्यात किती, आगरझरीत किती, हे कुठल्याही व्हिसाच्या अटीत विचारलं गेलं नाही. ताडोबाचा गाभा ६२५ चौरस किलोमीटर, बफर धरून १,७२७. गेटं मोजकी, गेटावरची गावं मोजकी, नोंदणी झालेले गाईड आणि जिप्सीवाले तर वनविभागाच्या रजिस्टरमध्ये नावानिशी. एक आरोग्य पथक आठवड्याभरात सगळ्यांपर्यंत पोचलं असतं. अशक्य काहीच नव्हतं. कुणाच्या मनात आलं नाही, एवढंच.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ताडोबाला परदेशी येतात किती? गर्दी असते ती नागपूर, मुंबई, पुणे, हैदराबादची. विषाणू आमच्या गावात आला तो कुठल्या इंग्रजाच्या श्वासातून आला नाही, लग्नाच्या पंगतीतून आणि शहरातून परतलेल्यांबरोबर आला. अगदी मान्य. माझा राग परदेशी माणसावर नाहीच. मी परदेशी पाहुण्यांच्या नियमांबद्दल बोलतो आहे कारण तेवढेच नियम नीट बसून लिहिले गेले. देशी पर्यटकासाठी ई-पास होता, तो महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला रद्द केला. १ ऑक्टोबरला ताडोबाचा गाभा उघडला. त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने सफारी बंद पडेपर्यंत मुंबईचा माणूस गाडी काढून थेट आमच्या गेटवर येत होता. म्हणजे जिथे नियम होता तिथे यजमान नव्हता, आणि जिथे यजमान सर्वांत जास्त उघड्यावर होता तिथे नियमच नव्हता.

शिवाय जो नियम होता, तो तरी आरोग्यासाठी होता का? २०२१ चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवा. ब्रिटनने कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांना लस न घेतलेल्यांसारखं वागवायचं ठरवलं. लस तीच, त्यांच्याच ऑक्सफर्डची, फक्त पुण्यात बनलेली. मग भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना उलटा फटका दिला : लस घेतली असली तरी १० दिवस विलगीकरण, आल्यावर चाचणी, आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. ब्रिटन नमलं आणि आठवड्याभरात आपलीही अट गेली. त्या वेळी आम्हालाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. बरी जिरवली. पण विषाणूच्या नजरेने बघा. ३ ऑक्टोबरला जो माणूस चालत होता तो ४ तारखेला धोक्याचा कसा झाला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चांगला कसा झाला? ती दोन सरकारांची कुस्ती होती. ज्या गावात तो माणूस येणार त्या गावाला या कुस्तीत धरलंच नव्हतं. ओमायक्रॉनच्या वेळी दक्षिण आफ्रिकेने नवा विषाणू प्रामाणिकपणे जगाला कळवला, तर बक्षीस म्हणून तिच्यावरच विमानबंदी आली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीनेच सांगितलं की अशा प्रवासबंद्यांचा फायदा होत नाही, त्या उठवा किंवा सैल करा.

आता दुसरी बाजू. आमच्या जिल्ह्यांतून बाहेर जाणाऱ्यांची.

मूल, सावली, सिंदेवाही, गोंडपिपरी, चामोर्शी. या तालुक्यांतून धानाची कापणी-मळणी झाली की बाया-माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जानेवारी-फेब्रुवारीत जायचं, उन्हाळा तापला की परत यायचं. मजुरीतला काही भाग मिरचीच असते, पोतं भरून. वर्षाचं तिखट आणि उरलेलं विकून चार पैसे. माझ्या गावातून दर वर्षी दोन गाड्या भरून जातात. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा ही माणसं गोदावरीच्या पलीकडे शेतात होती.

परदेशी पर्यटकही अडकले होते. हॉटेलवाले खोल्या देत नव्हते, लोक त्यांच्याकडे रोगी म्हणून बघत होते, हेही वाईटच झालं. पण ३१ मार्च २०२० ला, म्हणजे आठवड्याच्या आत, पर्यटन मंत्रालयाने त्यांच्यासाठी 'स्ट्रँडेड इन इंडिया' नावाचं पोर्टल उघडलं. माहिती भरा, आम्ही मदत करतो. व्हिसाची मुदत संपली तर बिनपैशाने वाढवून मिळत होती. चांगलं केलं. पाहुण्याला असंच वागवावं. मिरची तोडायला गेलेल्या बाईसाठी राज्याची सीमा ओलांडायचा आदेश निघाला २९ एप्रिलला. त्या आदेशात शब्द होते : स्थलांतरित मजूर, यात्रेकरू, पर्यटक, विद्यार्थी आणि इतर. पर्यटक आणि मजूर एका ओळीत बसलेले मी तेवढे एकदाच पाहिले. श्रमिक रेल्वे १ मे ला सुटली.

मधले पाच आठवडे लोकांनी पायी काढले. पोलीस हायवेवर अडवतात म्हणून जंगलातून. एप्रिलच्या मध्यात मुलुगू जिल्ह्यातल्या मिरचीच्या शेतातून निघालेली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी तीन दिवस चालून घराजवळ येऊन मेली. ती आमच्या शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातली, छत्तीसगडची. गडचिरोलीच्या सीमेला लागून. ती बातमी देशभर गाजली. तिच्यासारख्याच वाटांनी आमच्याही बाया आल्या, डोक्यावर मिरचीचं पोतं घेऊन, आणि गावाबाहेर शाळेत चौदा दिवस राहिल्या. चाचणी? सुरुवातीला गडचिरोलीचे नमुने तपासायला नागपूरला जात होते.

सिरोंच्याला माझी आत्या असते. तिथे गोदावरीवर पूल झाला तो डिसेंबर २०१६ मध्ये, पलीकडे कालेश्वरम. तिथल्या लोकांची सोयरीक तेलंगणात, बाजार तेलंगणात, मोठं आजारपण निघालं तर दवाखाना वरंगल किंवा मंचेरियलला, कारण जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास. लॉकडाऊनमध्ये पुलावर नाका बसला. आत्याच्या शेजारणीचं माहेर पुलापलीकडे, घरावरून दिसावं इतक्या अंतरावर. आंतरराष्ट्रीय प्रवासी कशाला म्हणतात हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. ज्याच्या मागे दूतावास असतो तो.

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. गावांनी हातपाय गाळले नव्हते. चंद्रपूर-गडचिरोलीत कितीतरी गावांनी सरकारी आदेशाआधीच रस्त्यावर बांबू आडवे लावले. आलेल्याचं नाव वहीत, बाहेर राहायची सोय, घरून डबा. मे २०२० च्या सुरुवातीला केंद्राने जिल्ह्यांचे रंग जाहीर केले तेव्हा महाराष्ट्रातल्या फक्त सहा हिरव्या जिल्ह्यांत गडचिरोली होता. चंद्रपूर नारिंगी. हिरवा राहण्यात विरळ वस्तीचा आणि नसलेल्या रस्त्यांचा वाटा होताच, पण त्या बांबूंचाही होता. शहरात त्या बांबूंचे फोटो फिरले, 'अडाणी लोकांनी रस्ते अडवले' म्हणून. तेच काम विमानतळावर काचेच्या केबिनमधून झालं की त्याला प्रोटोकॉल म्हणतात.

आणि ही गावं प्रवेशाच्या नियमांना काही नवखी नाहीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा काढून बघा. अभयारण्यात शिरायला परवाना कशासाठी मिळतो, याची त्यात यादी आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, वैज्ञानिक संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. मोह वेचणं त्या यादीत नाही. म्हणजे आईचा जन्म ज्या जंगलाच्या काठावर गेला तिथे ती टोपली घेऊन आत गेली तर अतिक्रमण आणि कुणी तिकीट काढून वाघ बघायला गेलं तर हक्क. ताडोबाच्या आतली बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावं वाघासाठी बाहेर काढली गेली. त्यांची जागा मोकळी झाली, गवत आलं, हरणं आली, मागून वाघ आले, त्यामागून जिप्सी. मी स्वतः पर्यटकांना ते गवताळ मैदान दाखवून, "इथे पूर्वी गाव होतं," असं सांगितलं आहे. ते "वाव" म्हणतात.

करोनातही हेच झालं. १६ एप्रिल २०२० ला केंद्राने आदिवासी आणि वनवासींना गौण वनोपज गोळा करायला टाळेबंदीतून सूट दिली. छान. पण मोह मार्चमध्ये पडायला लागतो, तो कुणाच्या आदेशाची वाट बघत नाही. आदेश येईपर्यंत झाडाखाली बरंचसं सडून गेलं होतं किंवा लपूनछपून वेचलं गेलं होतं. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला करोना झाल्याची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने राष्ट्रीय उद्यानं आणि व्याघ्र प्रकल्पांना सावधगिरीचं पत्र धाडलं, माणसांची ये-जा कमी करा म्हणून. वाघाला माणसाकडून धोका असू शकतो हे एका दिवसात कळलं. गाईडला पर्यटकाकडून धोका असू शकतो, हे कळायला किती दिवस लागले ते मी अजून मोजतो आहे.

आता माझ्याच बरोबरीच्या गाईडांचा आक्षेप. हा लेख लिहितोय म्हटल्यावर एकाने फोनवर झाडलं : "तू आता नागपूरले बसून लिहून रायला. इथं गेट बंद झालं त खाऊ काय? गाव परवानगी देईल तेव्हा पर्यटक येईल, मंग आमी उपाशी मरू." त्याचं बरोबर आहे. जुलै २०२० मध्ये बफरच्या सफारी सुरू झाल्या तेव्हा आम्ही भीतीने नाही, आनंदाने धावलो होतो. गेट बंद ठेवा असं मी म्हणतच नाही. पण त्याच्या बोलण्यातली गाठ बघा. गेट बंद तर रोजी बंद, म्हणून त्याला दार उघडण्यापलीकडे पर्यायच नव्हता. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला संमती म्हणत नाहीत. ५ लाख व्हिसांवर सरकार जो पैसा सोडायला तयार होतं, त्यातून देशभरातल्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाईड-ड्रायव्हरांना बंद काळातला रोज देता आला असता का, याचा हिशोब कुणी मांडला? फुकट व्हिसामुळे जो पर्यटक आला, तो तसाही आला असता. युरोपातून विमानाचं तिकीट काढणारा माणूस व्हिसाच्या फीसाठी अडून बसत नाही.

दुसरा आक्षेप शहरातल्या वाचकाचा, मला आधीच ऐकू येतो आहे. संपली ना महामारी, आता कशाला? म्हणूनच आता. साथ अंगावर आली की नियम घाईने लिहिले जातात, जुनी फाईल उघडून, तारखा बदलून. महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये जो साथरोग कायदा लावला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा होता. सव्वाशे वर्षांत फाईल बदलली नाही. पुढच्या वेळी जी उघडली जाईल ती २०२१ ची असेल, आणि तिच्यात यजमानाचा रकाना नसेल. तो आज घालून घ्यावा लागेल.

काय घालायचं? अवघड काही नाही. जंगलातल्या पर्यटनस्थळाचं गेट साथीनंतर उघडायचं असेल तर त्या गेटावरच्या गावांतल्या लसीचा, चाचणीचा, जवळच्या दवाखान्यातल्या ऑक्सिजनचा आकडा आधी जाहीर करा, जसा फुकेटने केला. गेट सरकारी आदेशाने बंद झालं तर गाईड, ड्रायव्हर, रिसॉर्टमधले स्वयंपाकी-सफाईवाले यांना त्या दिवसांचा रोज, कर्ज नको. वनविभागाचं ओळखपत्र गाईडची ओळख म्हणून सगळीकडे चालावं, बँकेतही. आणि गेट उघडण्याआधी ग्रामसभेचा ठराव. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकून दाखवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेच केलं. जी ग्रामसभा बांबूचा लिलाव करू शकते, कंत्राटदाराशी भाव करू शकते, तिला 'या महिन्यात पाहुणे घ्यायचे का' हा प्रश्न पेलणार नाही असं कोण म्हणतं?

या शेवटच्या मागणीवर अधिकारी हसतात. सभा कधी होणार, ठराव कधी येणार, बुकिंग तर साठ-साठ दिवस आधी होतं. त्यांच्यासाठी एक आठवण. २०२० मध्ये साथीचं कारण देऊन राज्यातल्या ग्रामसभांना स्थगिती दिली गेली होती. ती उठली जानेवारी २०२१ मध्ये. त्या काळात जुलैपासून बफर चालू होता आणि १ ऑक्टोबरपासून गाभाही. जिप्सीत आठ माणसं बसू शकत होती, पिंपळाखाली गाव बसू शकत नव्हतं.

पावसाळ्यानंतर ताडोबाचा गाभा दर वर्षी १ ऑक्टोबरला उघडतो. गावोगावी ग्रामसभा भरते २ ऑक्टोबरला. तिच्याआधीची १५ ऑगस्टला असते. तेव्हा धान रोवून झालेलं असतं, गेट बंद असतं, गाईड रिकामे असतात आणि सगळे गावातच असतात. या वर्षी १५ ऑगस्टच्या सभेत आमच्या गावातले दोन गाईड हा विषय मांडणार आहेत. मसुदा मी लिहून दिला आहे, दीड पानाचा. सरपंचबाई म्हणाल्या, ठेवू विषयपत्रिकेत, पण रस्ता आणि नळयोजनेनंतर.